हातहत्यारे, वंशपरंपरागत

हातहत्यारे, वंशपरंपरागत : माणसाच्या हाताच्या बळावर चालणारी आणि एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे येऊनही प्रत्यक्ष कामात असलेली हत्यारे व अवजारे. सुताराचा वाकस, लोहाराची ऐरण, चर्मकाराची रापी, शेतकऱ्याचा विळा, घरातील विळी, अडकित्ता व पाटा-वरवंटा ही यांची परिचित उदाहरणे होत. संग्रहालयात ठेवलेली किंवा शोभेसाठी जपलेली जुनी हत्यारे या संज्ञेत येत नाहीत. हत्यार किती वर्षांचे आहे, यापेक्षा ते अजूनही आपले काम करते की नाही, हा येथे निकष असतो.

असे हत्यार तीन-चार पिढ्या टिकते, याचे श्रेय सामान्यतः ‘जुन्या लोखंडा’ला दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. हत्याराचे दीर्घायुष्य तीन गोष्टींवर अवलंबून असते : धारेच्या जागी असलेले योग्य प्रतीचे पोलाद, झिजलेला भाग बदलता येईल अशी रचना आणि तो बदलून देणारा कारागीर. यांपैकी तिसरी गोष्ट नाहीशी झाली की, पहिल्या दोन शाबूत असूनही हत्यार निकामी होते.

पूर्वपीठिका : दगडी हत्यारांचा इतिहास २५ लक्ष वर्षांहून जुना आहे. हत्यार धातूचे झाल्यावर त्याच्या वारशाला खरा अर्थ आला. कारण दगडी हत्यार तुटले की टाकावे लागते, तर धातूचे हत्यार पुन्हा तापवून, ठोकून किंवा वितळवून नवे करता येते. महाराष्ट्रात ताम्रपाषाणयुगीन जोर्वे (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. या चपट्या कुऱ्हाडींना नेढे, म्हणजे दांडा घालण्याचे भोक, नव्हते. विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीच्या लोकांनी दांड्याचा प्रश्न लोखंडात सोडविला. माहुरझरी (नागपूर जिल्हा) वगैरे स्थळी मिळालेल्या लोखंडी कुऱ्हाडींवर पाते दांड्याशी जखडण्यासाठी आडव्या लोखंडी पट्ट्या आढळतात. याच जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष उजेडात आले असून ते इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. छिन्नी, तासणी, कुऱ्हाड यांची त्या काळातील मूळ रूपे आजच्या रूपांहून फार वेगळी नाहीत. विशिष्ट कामासाठी हत्याराचा आकार एकदा ठरला की, तो सहसा बदलत नाही, असे यावरून दिसते.

धातू व धार : शुद्ध लोखंड मऊ व चिवट असते, त्याला धार येते, पण ती टिकत नाही. लोखंडात कार्बनाचे प्रमाण सु. ०.६ ते १.२ टक्के असले, म्हणजे त्या पोलादाला पाणी देऊन कठीण करता येते. पोलाद महाग व दुर्मिळ होते, तेव्हा सबंध हत्यार पोलादाचे करीत नसत. अंग मऊ लोखंडाचे ठेवून केवळ धारेच्या जागी पोलादाची पट्टी भट्टीत तापवून ठोकून जोडीत. या रचनेचे दोन लाभ होते. मऊ अंग आघात सोसते, त्यामुळे हत्यार मोडत नाही. आणि कठीण पट्टी पातळ असल्याने हाताने धार लावणे सुलभ होते. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून ही पट्टी झिजून संपली की, लोहार तिच्या जागी दुसरी जोडीत असे. वरून एकच भासणाऱ्या जुन्या कुऱ्हाडीचे तोंड अशा रीतीने एकाहून अधिक वेळा बदललेले असू शकते.

पाणी देण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. प्रथम धारेकडील भाग लाल होईपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवितात. यामुळे पोलाद अत्यंत कठीण, परंतु काचेसारखे ठिसूळ होते. नंतर ते पुन्हा मंद तापवून कठीणपणा थोडा उतरवितात. या वेळी घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा पातळ थर जमतो आणि तापमानाप्रमाणे त्याचा रंग पालटतो. सु. २२०° ते २३०° से.ला फिकट पिवळा, सु. २५५° से.ला तपकिरी, सु. २७५° से.ला जांभळा व सु. ३००° से.ला निळा रंग दिसतो. लाकूड कापणारी पटाशी पिवळ्या रंगावर, तर लवचिकपणा आवश्यक असलेली कमान निळ्या रंगावर थांबवितात. लोहाराजवळ तापमापक नसतो. तो हे रंग ओळखतो व त्यासाठी भट्टी अंधाऱ्या जागी ठेवतो. प्रखर उजेडात लाल ताव प्रत्यक्षाहून कमी भासतो व पोलाद जास्त तापून बिघडण्याचा संभव असतो.

जमशेटपूर येथील टाटांच्या कारखान्यात १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. पुढे पोलाद सर्वत्र मिळू लागले. तथापि ग्रामीण लोहार नव्या पोलादापेक्षा भंगारातील पोलादाला पुष्कळदा पसंती देतो. मालमोटारीच्या कमानपाट्यात कार्बन सु. ०.५ ते ०.६ टक्के असतो व त्यापासून कोयते, विळे व कुऱ्हाडी करतात. झिजलेल्या कानशीपासून चाकू व पटाश्या घडवितात. मीरत (उत्तर प्रदेश) येथील कात्र्यांची पातीही भंगारातील पोलादापासून करतात. त्या पुनःपुन्हा धार लावून वापरता येतात, यासाठी प्रसिद्ध असून त्यांना २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

दांडा व मूठ : धातूच्या मानाने लाकूड लवकर झिजते, म्हणून दांडा हा हत्याराचा बदलता भाग मानतात. महाराष्ट्रात दांड्यासाठी बाभूळ, धावडा व तिवस या झाडांचे चिवट लाकूड वापरतात. लाकडाच्या शिरा दांड्याच्या लांबीला समांतर असाव्या लागतात. त्या तिरप्या असल्यास दांडा आघाताने चिरतो. टिकाव व कुदळ यांचे नेढे एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद असते. दांडा रुंद बाजूने घातल्यामुळे प्रत्येक घावासरशी पाते अधिक घट्ट बसते. हातोड्याच्या दांड्यात मात्र वरून पाचर मारावी लागते. पटाशीची मूठ फुटू नये म्हणून तिच्या टोकाला धातूची शेंबी बसवितात. सैल झालेला दांडा पाण्यात भिजविण्याची सवय सर्वत्र आढळते. पण हा उपाय तात्पुरता असतो. भिजलेले लाकूड नेढ्यात दबले जाते आणि सुकल्यावर पूर्वीपेक्षा अधिक सैल होते.

दांडा बदलता असल्यामुळे हत्यार नव्या धन्याच्या हाताशी जुळते. वडिलांचा वाकस मुलाकडे आला म्हणजे मुलगा आपल्या उंचीला व पकडीला साजेसा दांडा घालून घेतो. वारशाने येते ते पाते. दांडा बहुधा ज्याचा त्याचा असतो.

काही प्रमुख हत्यारे : सुतारकाम : वाकस किंवा तासणी, करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता, गिरमिट, मोगरी व गुण्या ही सुताराची मुख्य हत्यारे होत. देशी पद्धतीत सुतार जमिनीवर बसून लाकूड पायाने दाबून धरतो. त्यामुळे अनेक जुन्या करवतींचे दाते ढकलताना नव्हे, तर ओढताना कापतील असे असतात. दोरी व कमान यांनी फिरणारा सामता हे अत्यंत प्राचीन तत्त्वावरील साधन आहे. जुना रंधा हा लाकडी ठोकळा असून पाते त्यात पाचरीने घट्ट केलेले असते. ठोकळ्याचा तळ झिजला की, तो घासून सपाट करतात व पुढे तोच ठोकळा टाकून नव्यात जुने पाते बसवितात. पटाशीचे वय तिच्या लांबीवरून कळते. प्रत्येक धारेबरोबर ती आखूड होत जाते. [→ सुतारकाम].

लोहारकाम व तांबटकाम : ऐरण, घण, हातोडे, सांडस, छिन्नी व भाता ही लोहाराची साधने. त्यांत ऐरण सर्वांत दीर्घायुषी असते. लोहाराचे वैशिष्ट्य असे की, तो आपली बहुतेक हत्यारे स्वतःच घडवितो व दुरुस्त करतो. म्हणून इतर सर्व कारागिरांच्या हत्यारांचे आयुष्य त्याच्या भट्टीशी बांधलेले असते. पुण्यातील तांबट आळीत पेशवेकाळापासून तांब्याची भांडी घडविण्याचा व्यवसाय चालतो. तेथील ‘मठारकाम’, म्हणजे पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटविणे, हे हातोडीच्या गुळगुळीत तोंडावर अवलंबून असते. तोंडावरील लहानसा ओरखडादेखील प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटतो. म्हणून अशी हातोडी दुसऱ्या कामास वापरीत नाहीत. [→ लोहारकाम].

चर्मकाम : रापी, आरी व फरमा ही प्रमुख साधने होत. रापीचे पाते रुंद असून चामडे कापणे, सोलणे व कडा पातळ करणे ही तिन्ही कामे तिनेच होतात. धार सतत लावावी लागत असल्याने रापी हळूहळू झिजते व तिची धार वापरणाऱ्याच्या हाताच्या वळणाप्रमाणे आकार घेते. दुसऱ्याची रापी हाताला बसत नाही, असा अनुभव कारागीर सांगतात, त्याचे कारण हेच होय.

शेती : विळा, खुरपे, कुऱ्हाड, कुदळ व कोयता ही शेतकऱ्याची हातहत्यारे होत. कोकणात कोयती कमरेला बांधलेल्या आकडीत अडकवून झाडावर चढतात. बैलांनी ओढावयाची तिफण हे अवजार हातहत्यारांत मोडत नसले, तरी तिची दुरुस्तीही याच सुतार-लोहारांवर अवलंबून असते. हंगामाच्या सुरुवातीला खुरप्या-विळ्यांची तोंडे तापवून, ठोकून पुन्हा धारदार करून घेतात. यास ‘पाजविणे’ म्हणतात.

घरगुती : विळी, अडकित्ता, खलबत्ता, पाटा-वरवंटा व जाते यांचा वारसा प्रामुख्याने स्त्रियांकडे असतो. विळीचे पाते स्थिर असून पदार्थ हाताने त्यावर सरकवितात. पाट पायाखाली दाबला जात असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात, हा तिचा विशेष होय. गोव्यात अशाच साधनाला आदोळी म्हणतात व तिचा उपयोग मासळी कापण्यासाठीही होतो. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की, धान्य दळले न जाता घसरते. म्हणून त्यांवर पुन्हा टाकीने खाचा पाडाव्या लागतात. जात्यावर दळताना रचलेल्या ओव्यांचा मोठा संग्रह गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झाला असून त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. विजेची गिरणी आल्यावर जाते मागे पडले व ओव्याही थांबल्या. साधन व कामाशी जोडलेली लोकपरंपरा एकाच वेळी कशा नाहीशा होतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुरुस्तीची साखळी : कोणतेही हत्यार एकट्याने टिकत नाही. सुताराची पटाशी लोहार घडवितो, लोहाराच्या घणाला दांडा सुतार घालतो व भात्याचे चामडे चर्मकार शिवतो. गावगाड्यात ही परस्परावलंबनाची व्यवस्था बलुते पद्धतीने चाले. हत्यारांच्या दुरुस्तीबद्दल कारागिराला दर वेळी पैसे न देता सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा दिला जाई. या पद्धतीचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात आढळते. गावात न राहणाऱ्या कारागिरांचाही या साखळीत महत्त्वाचा वाटा होता. घिसाडी बिऱ्हाडासह गावोगाव फिरून रस्त्याच्या कडेला भट्टी मांडत. त्यांच्या स्त्रिया घण मारण्याचे जड काम करीत व काही भागांत आजही करतात. टकारी व पाथरवट जात्याला व पाट्याला टाकी लावीत. शिकलगार धार लावून देत. त्यांचे नाव झिलई देण्याच्या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. [→ बलुतेदार].

ही साखळी तुटण्याची कारणे अनेक आहेत. कारखान्यात तयार होणारी स्वस्त हत्यारे झिजल्यावर टाकून देण्यासाठीच केलेली असतात. त्यांची पाती पातळ असतात व मुठी साच्यात घट्ट बसविलेल्या असल्याने बदलता येत नाहीत. अशा हत्यारांमुळे दुरुस्तीचे काम घटते, काम घटल्याने लोहार भट्टी बंद करतो आणि भट्टी बंद झाल्यावर आसपासच्या गावांतील चांगली जुनी हत्यारेही दुरुस्तीअभावी पडून राहतात. जुने हत्यार नव्याशी स्पर्धेत हरते असे म्हणण्यापेक्षा त्याचा आधार निघून जातो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

वारसा व समाज : जमिनीची वाटणी सर्व वारसांत होते, हत्यारे मात्र बहुधा तोच व्यवसाय पुढे चालविणाऱ्याकडे जातात. त्यांची बाजारातील किंमत अल्प असली, तरी उपजीविकेतील स्थान मोठे असते, हे कायद्यानेही मान्य केले आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ६० प्रमाणे कर्जाच्या वसुलीसाठी कारागिराची हत्यारे व शेतकऱ्याची शेतीची अवजारे जप्त करता येत नाहीत. ऋणकोचे इतर सामान गेले, तरी कमावण्याचे साधन त्याच्याकडे राहावे, हा यामागील हेतू आहे.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, कारागीर हत्यारांची पूजा करतात. पूजेपूर्वी सर्व हत्यारे बाहेर काढून घासली जातात, गंज काढला जातो, तेल लावले जाते आणि हरवलेले किंवा मोडलेले हत्यार लक्षात येते. या विधीमुळे हत्यारांची वर्षातून एकदा कसून तपासणी होते.

या वारशाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. हत्याराबरोबर व्यवसाय व व्यवसायाबरोबर जात येत असल्याने अनेक कुटुंबांच्या दृष्टीने तो वारसा जितका अभिमानाचा, तितकाच सक्तीचाही होता. विशेषतः चर्मकाम करणाऱ्यांना त्या कामामुळे अस्पृश्यतेचा जाच सोसावा लागला. त्यामुळे शिक्षण घेऊन ज्यांनी वडिलांची रापी खाली ठेवली, त्यांच्या निवडीकडे केवळ परंपरेचा ऱ्हास म्हणून पाहता येत नाही. कौशल्य टिकावे, परंतु ते जन्माने लादलेले नसावे, अशी व्यवस्था उभी करणे हा आजचा खरा प्रश्न आहे.

निगा : जुने हत्यार वापरात आणताना गंज बारीक वाळू, राख किंवा पॉलिश कागद यांनी काढतात व पुसून कोरडे केल्यावर तेलाचा हलका हात देतात. लाकडी मुठीस जवसाचे तेल लावल्यास लाकूड तडकत नाही. धार निसण्यावर पाणी किंवा तेल घालून हाताने लावावी. विजेच्या सहाणेवर धार लावताना पाते निळे पडले, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, असे समजावे. तो भाग घासून काढल्याशिवाय किंवा पुन्हा पाणी दिल्याशिवाय धार टिकत नाही. ठोके खाऊन डोके पसरलेली छिन्नी धोकादायक असते. पसरलेल्या कडेचे कण उडून डोळ्यास इजा होऊ शकते, म्हणून ती कड वेळोवेळी घासून टाकतात. सैल पात्याची कुऱ्हाड किंवा हातोडा पाचर घट्ट केल्याशिवाय वापरू नये.

सद्यःस्थिती : पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते व इतर घरगुती साधने, तसेच बाणावली (गोवा) येथील व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेल्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात शेती व ग्रामोद्योगांतील जुनी अवजारे पाहावयास मिळतात. संग्रहालयात हत्याराचा आकार सुरक्षित राहतो; परंतु ते कसे धरावे, कोणत्या कोनात चालवावे व केव्हा थांबावे, हे ज्ञान वापरणाऱ्याच्या हातातच राहते. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. लोहार, तसेच हातोडे व अवजारे बनविणारे कारागीर यांचाही तीत अंतर्भाव आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण नव्या हत्यारांच्या संचाइतकीच ती दुरुस्त करणाऱ्या भट्टीची आवश्यकता असते.

आजही खेड्यांतून व शहरांतील जुन्या पेठांतून आजोबांच्या पटाशीने दाराच्या चौकटी बसविणारे सुतार व सासूच्या विळीवर भाजी चिरणाऱ्या स्त्रिया आढळतात. या वस्तू दीर्घकाळ टिकल्या, त्या जपून ठेवल्यामुळे नव्हे, तर रोज वापरल्यामुळे व वेळच्या वेळी दुरुस्त केल्यामुळे. पेटीत बंद राहिलेली पटाशी गंजते. रोज हातात असलेली पटाशी झिजते. झिजलेल्या हत्याराला लोहार नवे तोंड जोडू शकतो, गंजून पोखरलेल्या हत्यारात मात्र जोडण्याजोगे अंगच उरत नाही.